झाडाची साल सोलली, डिंक यायला लागला, भुसा पडतोय… आधी काय बघायचं आणि मग काय लावायचं

झाडाची साल निघालेली दिसली की आपल्याकडे लगेच कोणीतरी शेणमाती घेऊन येतं, कोणी चुना सुचवतं, कोणी डांबर, आणि जे हाताला लागेल ते थापून सगळे मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दहा मिनिटं नुसतं बघा. झाडाला काय झालंय, किती झालंय आणि अजून चालूच आहे का, हे कळल्याशिवाय लावलेलं औषध बहुतेक वेळा वाया जातं, आणि कधीकधी तर उलट नुकसान करतं.

साल म्हणजे नेमकं काय ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. बाहेरचा खडबडीत थर मेलेला असतो, तो फक्त संरक्षणाला. त्याच्या आत ओलसर जिवंत थर असतो आणि पानांनी तयार केलेलं अन्न या थरातून खाली मुळांकडे जातं. त्याच्याही आत, लाकडाला चिकटून, एकदम पातळ बुळबुळीत थर असतो, नवीन साल आणि नवीन लाकूड दोन्ही तिथूनच बनतं. मुळांनी ओढलेलं पाणी मात्र लाकडातून वर चढतं. म्हणून खोडाची साल गोल सगळीकडून निघाली तरी झाड लगेच वाळत नाही, पानं कित्येक महिने हिरवी राहतात आणि आपल्याला वाटतं काही झालं नाही, पण खाली मुळं उपाशी मरत असतात. डाळिंबाची गुटी बांधताना आपण फांदीची साल गोल काढतो ती याचसाठी, खाली जाणारं अन्न वर अडतं आणि तिथे मुळं फुटतात. फांदीवर मुद्दाम केलं तर गुटी, तेच मुख्य खोडावर चुकून झालं तर झाडाचा जीव जातो.

आधी तपासणी

जखमेवरची माती, जाळी, सुटलेले तुकडे मऊ ब्रशने झाडून घ्या. मग जखमेच्या कडेला, जिथे साल अजून चिकटलेली आहे तिथे, नखाने किंवा चाकूच्या टोकाने अगदी बारीक ओरखडा काढा. लिंबू, पेरू, चाफा यांना नख पुरतं, जुन्या आंब्याला चाकू लागतो. आत ओलसर आणि हिरवट किंवा पांढुरकं दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं, किंवा तपकिरी आणि घाण वास येणारं दिसलं तर मेलेलं. प्रत्येक झाडाचा आतला रंग वेगळा असतो म्हणून रंगाने फसू नका, त्याच झाडावर लांब निरोगी जागी एक तसाच छोटा ओरखडा काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी बघा, फरक लगेच कळतो. असं करत करत जिवंत साल कुठे सुरू होते ती हद्द शोधायची आणि खडूने किंवा मार्करने तिथे रेघ मारून ठेवायची, तारीख टाकून फोटो काढायचा. पुढे जखम पसरतेय का थांबलीय हे याच रेघेवरून कळणार आहे.

मग शिवणकामाची टेप घ्या. खोडाचा त्या उंचीवरचा पूर्ण घेर मोजा आणि जखमेची आडवी रुंदी मोजा. उभी लांबी किती याला फार महत्त्व नाही, हातभर लांब पण दोन बोटं रुंद पट्टा निघाला असेल तर झाड सहज तरतं, पण चार बोटं उंचीचीच साल गोल सगळीकडून गेली असेल तर अवघड आहे. साधारण हिशोब असा, की घेराच्या पाव भागापेक्षा कमी गेलं असेल तर काळजी नको, झाड स्वतः भरून काढतं. पाव ते अर्धा गेला तर झाड दोन-तीन वर्षं मागे पडेल, पण पाणी सांभाळलं तर बहुतेक वाचतं. अर्ध्याच्या वर गेला तर धोका खरा आहे, आणि पूर्ण गोल गेला तर काही केलं नाही तर झाड जाणारच.

आणि हो, प्रत्येक सोललेली साल म्हणजे आजार नाही! पेरूची साल पापुद्रे सुटून आपोआप पडते आणि खाली गुळगुळीत हिरवट खोड दिसतं, अर्जुनाचं तसंच, निलगिरीचं तसंच. कोकणात आणि घाटावर आंब्या-फणसाच्या खोडावर राखाडी-हिरवट चट्टे येतात ते बुरशीचा रोग समजून लोक तारेच्या ब्रशने खरवडतात, पण ते दगडफूल आहे, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच जातकुळीतलं, ते फक्त सालीवर बसतं, झाडाचं काही खात नाही. खरवडून उलट चांगली साल दुखावते. त्याला हात लावू नका.

ताजी जखम

गाडी घासली, बकरीने सोललं, जेसीबीचा दात लागला, ग्रास कटरची दोरी बसली, असं आज-काल झालेलं असेल तर वेळ फार मोलाची. सालीचा तुकडा लोंबत असेल आणि आतून ओला असेल तर तो फेकू नका. जागा स्वच्छ पाण्याने हलकी ओली करा, तुकडा होता तसाच, वरची बाजू वरच ठेवून घट्ट बसवा, ओलं सुती कापड गुंडाळा, त्यावर पांढरं प्लास्टिक आणि वरून सुतळी. ऊन लागू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी उघडून बघा, चिकटला असेल तर बांधलेलं सगळं काढून टाका, नसेल चिकटला तर तुकडा वाळलेला दिसेल, तो काढून टाका. काही तासांत केलं तर जमायची शक्यता चांगली, दुसऱ्या दिवशी आतला थर सुकलेला असतो, मग उपयोग नाही.

तुकडा सापडलाच नाही तर फाटलेल्या चिंध्या असतात ना कडेला, त्या धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत साफ करा, बस एवढंच. चांगली साल कापून जखमेला सुंदर लंबगोल आकार द्यायची पद्धत जुनी आहे, त्याने जखम विनाकारण मोठी होते, मी तरी सांगणार नाही. चाकू आधी स्पिरिटने पुसा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा.

डांबर, ऑइलपेंट, ग्रीस, सिमेंट यातलं काहीही लावू नका. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं होतं की झाड जखम आपल्या कातडीसारखी बरी करत नाही, ते आतून भिंती घालून खराब भाग बंद करतं आणि बाहेरून नवीन लाकडाची कड वाढवून जखम झाकतं. वरून रंग मारल्याने आतली कुज थांबत नाही, रंगाखाली ओल धरली तर वाढते. ढोलीत सिमेंट भरणं तर बंदच करायला हवं, झाड वाऱ्याने हलतं आणि सिमेंट हलत नाही, मग फट पडते आणि त्यात पाणी साचतं.

मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याची बुरशी रोखणारी पेस्ट, का लावतात? कारण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि उघड्या सालीवर बुरशी बसायला तेवढं पुरतं. लिंबूवर्गीय झाडं आणि आंबा, काजू यांना बोर्डो खरंच उपयोगी आहे. कोरड्या दिवसांत झालेल्या छोट्या जखमेला तीही नको.

बोर्डो पेस्ट घरी

प्रमाण १ किलो मोरचूद (निळं कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. घरच्या दोन-चार झाडांना १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर भरपूर झालं. मोरचूद कापडाच्या पुरचुंडीत बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर लटकवून ठेवा, तळाला टाकली तर लवकर विरघळत नाही. चुना वेगळ्या भांड्यात, त्यावर पाणी थोडं थोडं घाला, तो उकळल्यासारखा तापतो, तोंड लांब ठेवा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका, आणि पूर्ण थंड झाला की पाणी अर्धा लिटर होईल असं करून कापडातून गाळून घ्या. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची अजिबात नको, मोरचूद त्यांना खातं. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत बारीक धारेने ओतत लाकडी काठीने ढवळत राहायचं. आकाशी निळं दाटसर मिश्रण होतं.

आता टेस्ट, ही चुकवू नका. लोखंडी चाकू किंवा खिळा घासून चकचकीत करा आणि मिनिटभर मिश्रणात बुडवा. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं शिल्लक आहे, अशी पेस्ट साल जाळते, अजून चुन्याचं पाणी घाला आणि परत बघा. थर नाही आला की झालं. त्याच दिवशी वापरायची, उद्यासाठी ठेवायची नाही. हातमोजे घाला, उरलेली पेस्ट विहिरीत, नाल्यात किंवा माशांच्या टाकीजवळ सांडू नका, तांबं माशांना घातक आहे.

लावायची केव्हा, तर मेच्या शेवटी पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा आणि पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा, बुंध्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत, साल कोरडी असताना.

लिंबू, मोसंबी, संत्र्याचा डिंक्या

बागेतल्या लिंबाच्या बुंध्याशी साल काळपट ओली दिसते, उभी चीर पडते, त्यातून मधाच्या रंगाचा डिंक येतो, आणि त्याच बाजूच्या फांद्यांची पानं पिवळी पडून शिरा उठून दिसतात, हा डिंक्या. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, तो मातीत असतो आणि साचलेल्या पाण्यातून खोडावर चढतो. नागपूरच्या संत्र्यात आणि जालन्याकडच्या मोसंबीत शेतकऱ्यांना याने रडवलंय, आणि घरच्या लिंबालाही तोच होतो, कारण आपण रोज पाइप थेट बुंध्यावर सोडतो.

म्हणून पहिला इलाज पाण्याचा. बुंध्याभोवती फूट-दीड फूट अंतरावर मातीचा छोटा उंचवटा गोल करा, म्हणजे आतलं वर्तुळ कोरडं राहील, आणि पाणी त्याच्या बाहेर, पानांच्या घेराखाली द्या. बागायतदार याला डबल रिंग म्हणतात. मग कलमाचा जोड शोधा, खोडावर गाठीसारखी जाड जागा असते ती. ती मातीत गाडली गेली असेल तर हलक्या हाताने माती बाजूला करा, जोड जमिनीच्या वर किमान वीतभर उघडा हवा, कारण खालचा खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेलं असतं तो, रंगपूर लाइमसारखा असेल तर वरच्या कलमापेक्षा या रोगाला जास्त तोंड देतो. बरेचदा ट्रकभर लाल माती आणून टाकताना हा जोड गाडला जातो आणि दोन पावसाळ्यांत झाड जातं.

त्यानंतर चाकू. डिंक आणि कुजलेली साल खरवडून काढायची, कड चांगल्या सालीला लागेपर्यंत, थोडी चांगली गेली तरी चालेल इथे. खाली कागद पसरून ठेवा आणि खरवडलेलं सगळं गोळा करून जाळा, बुंध्याशी टाकू नका. एक दिवस सुकू द्या आणि मग बोर्डो पेस्ट. जखम मोठी असेल तर कृषी सेवा केंद्रात मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब असलेलं मिश्र बुरशीनाशक मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणातच वापरा, आणि फळं तोडायला किती दिवस थांबायचं तेही पाकिटावर बघा. डिंक्याच्या जखमेवर शेणमाती मात्र नको, ती ओल धरून ठेवते आणि या रोगाला तेच हवं असतं.

आंब्याचं भिरूड

आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा आणि विष्ठेचे गोळे पडलेले, वर खोडाला भोक, त्यातून काळपट रस, आणि एखादी फांदी अचानक वाळलेली, असं दिसलं की भिरूड, म्हणजे खोडकिडा. मोठा राखी रंगाचा लांब मिशांचा भुंगा पावसाच्या सुरुवातीला निघतो आणि सालीच्या भेगेत, जखमेत अंडी घालतो. म्हणजे साधी जखम सांभाळली तर पुढचा हा खर्च आणि त्रास बराच टळतो, आंब्याच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावायचं हेही एक कारण.

भुसा ओला आणि फिकट असेल तर अळी आत चालू आहे, जुना काळा सुकलेला भुसा असेल तर कदाचित निघून गेली. सगळा भुसा झाडून टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा, नवीन पडला की नक्की. सकाळी शांत असताना खोडाला कान लावा, आत कुरतडल्याचा आवाज येतो. मग धारदार पटाशीने भोकाचं तोंड थोडं मोठं करा, सायकलच्या जुन्या स्पोकला टोकाला छोटा आकडा करा आणि भोकात हळूहळू सरकवा, बोगदा सरळ नसतो, वळतो, म्हणून जबरदस्ती नको. टोक मऊ गोष्टीला लागल्याचं हाताला समजतं, मग आकडा फिरवून ओढायचा. पिवळसर पांढरी, बोटाएवढी जाड, तपकिरी डोक्याची अळी निघते, कधीकधी मधल्या बोटापेक्षा लांब. स्पोकला नुसता पांढरा चिकट रस लागून आला तरी अळी मेली समजा.

अळी नाही मिळाली तर कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून चिमट्याने आत सारा आणि भोक चिखलाने घट्ट बंद करा, विडी-काडी लांब ठेवा. इथे चिखलच बरोबर आहे कारण वाफ आत कोंडायची आहे. आठवड्याने परत भुसा चेक करा. जुन्या माहितीपत्रकांत डायक्लोरव्हॉस, म्हणजे लोक ज्याला नुवान म्हणून ओळखतात, ते सिरिंजने सोडा असं लिहिलेलं असतं. भारतात ते २०२० च्या अखेरीपासून बंद झालंय, कोणी जुनी बाटली दिली तर घेऊ नका.

याच्यापेक्षा हलका पाहुणा म्हणजे साल खाणारी अळी. पेरू, जांभूळ, शेवगा, आवळा, आंबा, गुलमोहर, सगळ्यांवर येते. खोडावर आणि फांद्यांच्या बेचक्यात तपकिरी, भुसा आणि रेशमाने विणलेल्या वेड्यावाकड्या पट्ट्या दिसतात, त्यांच्याखाली साल खाल्लेली असते. दिवसा अळी बेचक्यातल्या छोट्या भोकात असते आणि रात्री बाहेर येऊन खाते. पट्ट्या खराट्याने साफ करा म्हणजे भोक दिसेल, त्यात तार घाला किंवा रॉकेलचा बोळा, आणि चिखल. वर्षाला एकच पिढी होते, त्यामुळे एकदा नीट केलं तर वर्षभर निवांत. शेजारच्या झाडांवरही बघा पण.

वाळवीला लोक फार घाबरतात. खोडावर मातीचा थर चढलेला दिसला तर तो झाडा आणि खालची साल ओरखडून बघा, मोठ्या झाडावर बहुतेक वेळा ती मेलेला वरचा थरच खात असते. नवीन लावलेल्या रोपाला मात्र खरा धोका, तिथे बुंध्याजवळचा सुका पालापाचोळा आणि अर्धवट कुजलेलं शेणखत आधी काढा.

उन्हाने भाजलेली साल

साल फक्त एकाच बाजूने, पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या, सुकून तडकलेली आणि लाकडाला सोडून आलेली असेल तर ते ऊन. शेजारचं झाड किंवा भिंत पडली, किंवा जोरात छाटणी झाली, आणि इतकी वर्षं सावलीत असलेलं खोड एकदम मार्च-एप्रिलच्या दुपारच्या उन्हात उघडं पडलं की असं होतं. चुना पाण्यात कालवून खोडाला आणि उघड्या मोठ्या फांद्यांना पांढरा हात द्या, छाटणी केली त्याच आठवड्यात. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे असतात, त्यातला चुना या कामाचा आहे. सुटलेली साल ओढून काढू नका, जेवढी आपोआप पडेल तेवढीच.

आपणच केलेल्या जखमा

मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं. सोसायटीतली निम्मी झाडं तारेने, खिळ्यांनी आणि ग्रास कटरने खराब होतात. कपडे वाळत घालायची तार, दिव्यांच्या माळा, रोपाला लावलेला लोखंडी ट्री गार्ड जो कोणी दहा वर्षांत काढलाच नाही, हे सगळं खोड जाड होताना सालीत रुततं आणि गळा आवळतं. तार अजून वर दिसत असेल तर कटरने तुकडे करून काढा. आत रुतली असेल तर जेवढी सहज निघते तेवढीच काढा, खोलवर खणत बसलात तर जखम दुप्पट होते, फक्त ती एकदोन ठिकाणी कापून तिचा ताण सोडवा. खिळ्याचंही तेच. ग्रास कटरसाठी एकच उपाय, बुंध्याभोवती दोन फूट गवतच ठेवू नका, तिथे पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका, चार बोटं मोकळी सोडा. आणि त्या पालापाचोळ्याला कोणी काडी लावणार नाही हे बघा.

पूर्ण गोल साल गेलेलं झाड

झाड मोलाचं असेल तर प्रयत्न करा. आंब्याला किंवा लिंबाला शेजारी दोन-तीन तरुण रोपं लावून त्यांचे शेंडे जखमेच्या वर जिवंत सालीत जोडायचे, ज्याने भेट कलम बांधलंय त्याला हे लगेच समजेल, रोपांची मुळं झाडाला नवीन मुळं म्हणून मिळतात. किंवा त्याच झाडाच्या बोटाएवढ्या जाड काड्या घेऊन एक टोक जखमेच्या खाली आणि एक वर सालीखाली बसवायचं, दर तीन-चार इंचांवर एक, काडीची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. साल लाकडावरून सहज सुटते अशा पालवीच्या दिवसांतच हे जमतं. नर्सरीतला चांगला कलम बांधणारा माणूस बोलवा, हे पहिल्यांदाच करून बघायचं काम नाही.

माड या सगळ्यात वेगळा. नारळ-सुपारीला नवीन साल बनवणारा थरच नसतो, त्यामुळे माडावर चढायला पाडलेल्या खाचा कधीच भरून येत नाहीत, जन्मभर राहतात. माडाच्या खोडातून तांबूस तपकिरी रस ओघळत असेल तर तो भाग छिन्नीने साफ करून बोर्डो पेस्ट लावा आणि बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. रसाबरोबर चघळल्यासारखे तंतू बाहेर येत असतील तर तो सोंड्या भुंगा, त्याला अजिबात वेळ देऊ नका, कृषी खात्याच्या माणसाला त्याच आठवड्यात दाखवा.

कुठलाही इलाज केल्यावर खत मारू नका, विशेषतः युरिया. पाणी नियमित द्या, उन्हाळ्यात जास्त लक्ष ठेवून, आणि पहिलं वर्ष छाटणी करू नका कारण जखम भरायला लागणारं अन्न पानंच बनवतात. खडूची रेघ दर दोन महिन्यांनी बघा. कडेने गोल गुबगुबीत कड आत सरकताना दिसली तर झाड कामाला लागलंय. रेघेच्या बाहेरची साल मरत चालली असेल तर कारण अजून आत आहे, परत पहिल्यापासून तपासा.

आणि बुंध्याशी किंवा खोडावर फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल, खोडावर ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, आणि झाड घरावर किंवा रस्त्यावर कललेलं असेल, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं आणि तिथे पेस्टचा काही उपयोग नाही. शहरात असाल तर झाड स्वतःच्या कंपाउंडमधलं असलं तरी तोडायला महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि झाडाला मुद्दाम इजा करणंही त्याच्यात येतं. अर्जाबरोबर अळंबीचे, झुकावाचे आणि तारखा टाकलेले जुने फोटो जोडा, आणि तोडण्याऐवजी वजन कमी करणारी छाटणी चालेल का हे पाहणीला येणाऱ्या उद्यान निरीक्षकांना आवर्जून विचारा.